नाव सांगा, कागदावरचं

माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारत आले. "नाव सांगा. घरचं नको, कागदावरचं." यावर बरेचजण खिशातून पाकीट काढत आणि स्वतःचंच नाव कार्डावरून वाचून दाखवत. हसू नका. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात माणसाला किमान तीन नावं असतात. एक आईबापांनी ठेवलेलं, एक गावाने पाडलेलं आणि एक कुठल्यातरी कारकुनाने घाईत लिहिलेलं. आयुष्य दुसऱ्या नावावर निघून जातं आणि सरकारचं पत्र येतं ते तिसऱ्या नावावर.

मी करसल्लागार. कासारवाडी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, झेरॉक्सच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस होतं. गेल्या वर्षी ते आवरलं. जिना इतका अरुंद, की अंगाने भरलेले कारखानदार आडवे होऊन चढत आणि वर पोचेपर्यंत त्यांचा निम्मा तोरा उतरलेला असे. पिंपळे गुरवमधल्या आमच्या शेजारणींना अजून वाटतं, की मी दिवसभर बेरजा-वजाबाक्या करत असे. खरं सांगायचं तर माझं काम आकड्यांपेक्षा अक्षरांचं जास्त होतं.

पूर्वी विक्रीकराच्या काळात फॉर्म कागदाचा असे. नावात चूक झाली तर साहेबांच्या समोर उभं राहायचं, तोंड पाडायचं, पेनाने खाडाखोड करून बाजूला सही ठोकायची. साहेब दोन शब्द बोलत आणि काम होई. पोर्टल आलं तशी ती सोय गेली. साहेबाची समजूत घालता येते, पोर्टलची घालता येत नाही. ते लाल अक्षरात 'नाव जुळत नाही' एवढंच म्हणतं, आणि का जुळत नाही ते तुमचं तुम्ही शोधायचं.

आता कर भरणं, हिशोब कळवणं, सगळं संगणकावरूनच करावं लागतं. त्यासाठी आधी जीएसटीची नोंदणी लागते. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. पहिल्या पानावर पॅन कार्डाप्रमाणे नाव, पॅनचा नंबर, मोबाइल आणि ईमेल. मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी येतात, ते भरले की एक तात्पुरता नंबर मिळतो आणि दुसरा, मोठा भाग उघडतो. त्यात धंदा काय, जागा कुठली, वीजबिल, फोटो, कागद. मग आधारची पडताळणी. ती जुळली तर गाडी सरळ जाते. नाही जुळली तर सरकारचा अधिकारी प्रत्यक्ष जागेवर येतो आणि माणूस, जागा, पाटी सगळं बघून फोटो काढतो. शेवटी नंबर आणि प्रमाणपत्र. ऐकायला सोपं आहे. पण यातल्या प्रत्येक पायरीवर मी माणसं घसरलेली पाहिली आहेत.

म्हणून माझी एक पद्धत होती. शेवटचं बटण दाबायच्या आधी मी स्क्रीन समोरच्याकडे वळवत असे आणि त्याला स्वतःचं नाव बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावत असे. मोठमोठे शेठ लाजत. "मॅडम, शाळेत बसवलंत राव." बसवलं तर बसवलं. ही खोड मला वडिलांमुळे लागली. ते पिंपरीच्या एका कंपनीत फाउंड्रीत होते. नाव दगडू. पहिल्या दिवशी मस्टरवर कोणीतरी 'दादू' लिहिलं आणि ते तसंच राहिलं. वडील म्हणायचे, "घरून दगडू कामाला जातो, गेटवर त्याचा दादू होतो, सुटल्यावर परत दगडू." आम्ही भावंडं खूप हसायचो. रिटायर झाल्यावर फंड काढताना दादू आणि दगडू एकच, हे सिद्ध करायला वडिलांना प्रतिज्ञापत्र घेऊन चकरा मारायला लागल्या तेव्हा हसू थांबलं. तेव्हापासून मी अक्षरं वाचते.

तरी गमतींना तोटा नव्हता. एकाने बायकोच्या नावावर वर्कशॉप काढलं. पोर्टल काही केल्या नाव घेईना. पॅन मागवून बघितलं तर पहिलं नाव 'सौ', मधलं नाव 'मंगल'. एजंटने विचारलं, बायकोचं नाव काय, आणि या गृहस्थाने आदराने सांगितलं, "सौ. मंगल." एजंटने जसं ऐकलं तसं भरलं. त्या बाईंना बँकेतून फोन येत ते 'साऊजी आहेत का' असे. दुसरे एक होते मोशीचे. वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्यांनी 'कै.' लावलं होतं. मी म्हटलं, ते काढावं लागेल. ते म्हणाले, "मॅडम, काढलं तर ते जिवंत असल्यासारखं व्हईल. तेराव्याला सगळं गाव जेवून गेलंय." मी त्यांना अर्धा तास समजावलं, की सरकारला वडील हयात आहेत की नाहीत हे इथे विचारायचंच नाही. शेवटी ते म्हणाले, "काढा. पण मनात ठेवा." मी मनात ठेवलं.

आणि भोसरीचे एक शेठ. त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा, म्हणून नोंदणीच्या वेळी त्यांनी ड्रायव्हरचा मोबाइल नंबर देऊन टाकला होता. पुढे धंदा वाढला आणि ई-इन्व्हॉइसची सक्ती त्यांना लागू झाली. म्हणजे मोठ्या धंद्याचं प्रत्येक बिल आधी सरकारी पोर्टलवर कळवायचं, तिथून त्याला नंबर आणि चौकोनी ठिपक्यांचा शिक्का मिळाला तरच ते बिल खरं. त्या पोर्टलवर नाव नोंदवायला ओटीपी लागतो. तो येणार ड्रायव्हर लहूच्या फोनवर, आणि लहू नोकरी सोडून बीडकडे गावी गेलेला. इकडे माल भरलेला टेम्पो चाकणला कंपनीच्या गेटवर अडकला आणि शेठ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी लहूला फोन लावला तर मागे बँड वाजत होता. त्याच्या मेहुणीचं लग्न. लहू मांडवातून बाहेर आला, एका कानात बोट घालून आकडे ओरडू लागला आणि मी इकडे लिहू लागले. पहिला ओटीपी बँडच्या आवाजात चुकीचा ऐकू आला, दुसऱ्या वेळी काम झालं. शेठनी त्याच दिवशी लहूला परत कामावर बोलावलं. मी आधी मोबाइल नंबर बदलून घेतला आणि मगच शेठना जिना उतरू दिला.

असे किस्से सांगायला लागले तर संपणार नाहीत. पण या सगळ्या वर्षांत एका अर्जाने मला माझंच काम नव्याने शिकवलं. तो निघोज्याच्या एका बाईंचा.

त्या आल्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. हातात कापडी पिशवी, बोटांना कात्रीचे घट्टे. निघोज्यात त्यांच्या घराला लागून पत्र्याची शेड होती आणि तिथे गावातल्या डझनभर बाया काम करत. मोटारीत लागणारे रबराचे छोटे भाग साच्यातून निघतात तेव्हा त्यांच्या कडेला पापडासारखी पातळ झालर राहते. ती लहान कात्रीने काढायची. यंत्राने काढली तर कधी भागच कापला जातो. हाताने केलेलं काम साफ येतं. हे काम त्यांना एका ठेकेदारामार्फत मिळत होतं, ठेकेदाराच्या नावाने. आता तो सगळं काम दुसरीकडे नेणार होता. चालू तिमाही संपली की शेड बंद. पण कंपनीतल्या खरेदी बघणाऱ्या साहेबांनी बाईंचं काम पाहिलेलं होतं. ते म्हणाले, तिमाही संपायच्या आत जीएसटी नंबर आणा, काम थेट तुमच्या नावाने देतो. कायद्याने एवढ्या छोट्या कामाला नंबर लगेच लागत नव्हता. पण कंपनीच्या संगणकाला लागत होता. नंबर टाकल्याशिवाय त्याचं पुढचं पान उघडतच नव्हतं.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव सांगा. कागदावरचं."

त्या म्हणाल्या, "कुठल्या कागदावरचं, ताई?"

इतक्या वर्षांत हा उलटा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवीतून दोन कार्डं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आधारवर नाव होतं सुवर्णा पंढरीनाथ शिंदे. पॅनवर होतं मैना किसन गाडे. दोन्हीवर फोटो त्यांचाच.

"लग्नात नाव बदललं," त्या म्हणाल्या. "तांदळात सुवर्णा लिवलं. आधारला तेच लागलं. हे दुसरं कार्ड भावानं काढलं. माहेरची जमीन गेली तवा माझी सही पायजे व्हती."

चाकणच्या बाजूला हे फार घडलं आहे. जमिनींना भाव आला तशी सातबाऱ्यावरच्या बहिणींची आठवण झाली. भाऊ गाडी घेऊन आले, बहिणींची पॅन कार्डं काढली, माहेरच्या नावाने, कारण सातबाऱ्यावर तेच नाव. सही झाली, साडी मिळाली, कार्ड पेटीत गेलं. आता तेच कार्ड माझ्या टेबलावर होतं आणि नोंदणी पॅनवरच्या नावानेच होते, दुसऱ्या नावाने होतच नाही.

मी म्हटलं, "सोपं आहे. पॅनवरचं नाव बदलून आधारसारखं करून घेऊ. लग्नाचा दाखला नसेल तर राजपत्रात जाहिरात देऊ."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "म्हंजी मैना पुसायची?"

"पुसायची नाही हो. दुरुस्त करायची."

"पण त्यात चुकलंय काय?"

मी पॅन पुन्हा उचलून बघितलं. अक्षरं बरोबर होती. जन्मतारीख बरोबर होती. बापाचं नाव बरोबर होतं. कितीतरी बायकांना मी हेच सांगितलं होतं, पॅन बदला, आधारसारखं करा, आणि त्यांनी मान हलवून बदललं होतं. तुम्हाला यातलं कोणतं नाव ठेवायचं आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझं स्वतःचं नाव लग्नात कोणी बदललं नाही, त्यामुळे हा प्रश्न मला पडलाच नव्हता. वडिलांच्या नावातल्या अक्षरांसाठी हळहळलेली मी, आणि दुसऱ्यांची अख्खी नावं 'दुरुस्त' करत बसले होते. मला मनापासून लाज वाटली. आजही वाटते.

शिवाय नाव बदलायला आठवडे लागले असते आणि तिमाही संपत आली होती. मी दुसरा रस्ता धरला. पॅन आहे तसंच ठेवायचं. पॅन-आधार जोडणीची मुदत तेव्हा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जात होती, त्यामुळे तिथे अडत नव्हतं. आधारची पडताळणी सोडून द्यायची आणि अधिकाऱ्याला जागेवर येऊ द्यायचं. सोबत दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र. लग्नाचा दाखला त्यांच्याकडे नव्हताच. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी लग्नपत्रिका आणली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. तीत स्वच्छ छापलं होतं, 'चि. सौ. कां. मैना'. मी ती स्कॅन करून जोडली.

अर्ज भरताना त्या स्क्रीनकडे बघत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं सावकाश लागत. कायदेशीर नावाच्या खालच्या रिकाम्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हितं काय येतं?"

"धंद्याचं नाव. व्यापारी नाव म्हणतात. तिथे तुम्ही तुम्हाला आवडेल ते ठेवू शकता."

त्यांनी थोडा विचार केला. "मग तितं सुवर्णा ठेवा. ती बी मीच हाय. तीस वरसं ऱ्हायलेय त्या नावात."

मी टाकलं, सुवर्णा एंटरप्रायझेस. मग माझ्या पद्धतीप्रमाणे स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बोट ठेवून वाचलं. एम, ए, आय, एन, ए. शेवटचं अक्षर वाचून झाल्यावरही बोट तिथेच ठेवलं. मी घाई केली नाही.

अर्ज गेला. आता मी केलेली चूक सांगते. अधिकारी येईल म्हणून मी बाईंना बजावलं होतं, शेडवर पाटी लावा. त्यांनी लावली, सुवर्णा एंटरप्रायझेस, पिवळ्यावर लाल अक्षरांत. पाटीवर खाली 'प्रो. मैना किसन गाडे' लिहा, एवढं सांगायचं मी विसरले. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं तपासणारी मी, आणि पाटी तपासली नाही.

एके दुपारी फोन आला. अधिकारी निघोज्यात पोचले होते. आवाज तरुण, बोलणं नम्र, पण सूर ओळखीचा. "मॅडम, तुमच्या अर्जदार मैना गाडे या गावात कोणालाच माहीत नाहीत. दुधाच्या डेअरीवर विचारलं, टपरीवर विचारलं. सगळे म्हणतात, असं कोणी नाही हितं. मी तसं नोंदवून पुढे जातो."

त्या काळात बोगस नोंदण्यांचं पेव फुटलं होतं. पत्ता खोटा, माणूस खोटा, आणि त्याच्या नावावर बिलं. त्यामुळे अधिकारी ताकही फुंकून पीत. एकदा 'अर्जदार सापडले नाहीत' असं नोंदलं गेलं की अर्ज फेटाळला जाणार, नवा अर्ज, नवी मुदत, आणि तिमाही गेली. शेड गेली.

"साहेब, गावातल्या कुणालाही सुवर्णाकाकूंची शेड विचारा. तिथे बसा. मी निघालेच."

"मला अजून दोन जागा बघायच्या आहेत, मॅडम."

"चहा घ्या. मी फाइल घेऊन येते."

मी बाईंना फोन लावला, उचलेनात. स्कूटर काढली. तळवडे चौकात ट्रकांची नेहमीची रांग लागली होती. त्यांच्यामधून मी कशी निघाले ते मला आज विचारू नका. त्या वयात मी तसं करायला नको होतं. नदीवरचा पूल ओलांडला आणि निघोज्यात शिरले तेव्हा साहेब शेडच्या दाराशी उभे होते. आत बाया खाली बसून कात्र्या चालवत होत्या. सुवर्णाबाई नव्हत्या. तयार माल घेऊन चाकणला कंपनीत गेल्या होत्या, आणि फोन गेटवर जमा करावा लागतो.

साहेबांनी फोनवरचा अर्ज बघत बायांना पुन्हा विचारलं, "मैना किसन गाडे कोण?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "ही सुवर्णाकाकूची कंपनी हाय, सायब. मैना कोण न्हाई हितं."

मी फाइल पुढे केली. प्रतिज्ञापत्र, पत्रिका, कार्डं. त्यांनी सगळं नीट बघितलं. वाईट माणूस नव्हता. "कागद आहेत, मॅडम. कागद सगळ्यांकडे असतात. गेल्या आठवड्यात कागदावर कारखाना होता आणि जाऊन बघितलं तर उसाचं गुऱ्हाळ. मला इथे एक तरी माणूस दाखवा, जो या बाईंना मैना म्हणून ओळखतो."

कोपऱ्यात उलट्या क्रेटवर एक म्हातारी बसली होती. पुढ्यात कापलेल्या तुकड्यांचा ढीग, त्यातून वाकडे कापलेले ती बाजूला काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मैना गाडे व्हय? ती माझी सून."

शेडमधल्या कात्र्या थांबल्या.

साहेब तिच्याजवळ गेले. "आजी, तुमच्या सुनेचं नाव सुवर्णा ना?"

"ते आमी ठिवलं. आली तवा ती मैनाच व्हती." म्हातारीने आता तुकडे खाली ठेवले. "माझ्या लेकीचं नाव बी मैना. लेक घरात, सून बी येणार मैनाच. म्हणलं, एकीला हाक मारली की दोघी उठतील, न्हाईतर एक बी उठायची न्हाई. म्हणून तांदळात दुसरं नाव लिवाया लावलं."

"मग?"

"मग काय. लेक पुढल्या सालाला सासरी गेली. घरात एक बी मैना ऱ्हायली न्हाई. हिचं नाव हिला माघारी द्यायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मग एक बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि बघता बघता सगळी शेड हसू लागली. साहेबही हसले. "आजी, हे लिहून द्याल?"

"लिवता येत न्हाई. अंगठा देते."

"अंगठा नको. त्या आल्या की त्यांना हाक मारा. मैना म्हणून. मी बघतो."

पंधरा-वीस मिनिटांनी छोटा टेम्पो दारात थांबला. सुवर्णाबाई रिकामे क्रेट घेऊन उतरल्या. म्हातारी क्रेटवरून उठली, दारापाशी गेली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "मैने, ए मैने, ये हिकडं."

बाई थबकल्या. त्यांनी आधी मागे रस्त्याकडे बघितलं, मग शेडच्या आत बघितलं. "वन्सं आल्या का, आत्याबाई?"

वन्सं म्हणजे नणंद. त्यांना वाटलं, सासरी गेलेली मैना माहेरी आली. साहेबांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे बघितलं.

म्हातारी चिडली. "वन्सं कशाला येतीया या टायमाला? तुलाच म्हणतीय. तू मैना न्हाईस का? सायब आल्यात तुला बघाया."

बाईंनी क्रेट हळूच खाली ठेवले. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. मीच." साहेबांनी फोन वर धरला आणि सांगितलं, पाटीखाली उभ्या राहा, फोटो काढायचा आहे. फोटोत त्यांचे डोळे ओले आहेत. शेजारी म्हातारीसुद्धा घुसली आहे. साहेब म्हणाले, एकट्याच उभ्या राहा, पण म्हातारी हलली नाही, म्हणाली, "साक्षीदार लागतोय न्हवं?" सरकारी पोर्टलवर सासूसकट फोटो चढलेला माझ्या माहितीतला हा एकच अर्ज.

जाताना साहेबांनी मला पाटी दाखवली. "मॅडम, खाली प्रोप्रायटरचं नाव लिहायला सांगा. आम्ही फिरतो ना उन्हातान्हात." मी कान पकडले. खरोखरच पकडले, सगळ्या बायांसमोर.

तिमाही संपायला चार दिवस असताना प्रमाणपत्र आलं. मी बाईंना फोन करायच्या आधी ते स्वतः बोट ठेवून वाचलं. पहिल्या ओळीत कायदेशीर नाव, मैना किसन गाडे. त्याच्या खाली व्यापारी नाव, सुवर्णा एंटरप्रायझेस. मी हजारदा पाहिलेला तो फॉर्म. दोन नावांची जागा त्यात पहिल्यापासून होती आणि मला मात्र ती इतक्या उशिरा दिसली. संध्याकाळी मी पेढे घेऊन स्वतः निघोज्याला गेले. नियमाप्रमाणे प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दर्शनी भिंतीवर लावावं लागतं. बायांनी फ्रेम लावायची जागा आधीच ठरवून ठेवली होती, पंख्याच्या बटणांशेजारी. म्हातारीने मला मूठभर रबरी चकत्या दिल्या, काठ साफ कापलेल्या. त्यातली एक अजून माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला आहे. गळती शून्य.

त्यानंतर माझ्या टेबलावरचा पहिला प्रश्न थोडा बदलला. कागदावरचं नाव विचारायचे, पण त्याच्यापुढे विचारायचे, "हेच हवंय ना?" काहीजण गोंधळत. काही बायका मात्र लगेच उत्तर देत नसत, आणि मग मी पेन खाली ठेवून थांबत असे. उशीर होई. झालेला चालतो.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. थेट कामाचा पहिला लॉट त्या स्वतः घेऊन चाकणला गेल्या होत्या. ठेकेदाराच्या नावाने जात तेव्हा गेटवरच्या वहीत ठेकेदाराचं नाव आणि 'सोबत एक बाई' एवढंच लिहिलं जाई.

"ताई, आज गेटवर सिक्युरिटीनं मला नाव विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

"दोन्ही सांगितली, भिंतीवरच्या कागदावर हायत तशी. तो म्हणला, काकू, वहीत एकाच नावाला जागा हाय."

"मग?"

"मग म्हणलं, वरचं लिव."